तीनशे डॉलर, अडीचशे डॉलर

गेल्या शनिवारी न्यू जर्सीतल्या एडिसनला एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. प्रसाद हातात पडला आणि विषय नेहमीप्रमाणे 'हल्ली येणारे लोक' यावर गेला. इथे तीस-पस्तीस वर्षं काढलेले एक काका म्हणाले, "अगं, ही सवय आयरिश लोकांनी लावली. बोटीतून उतरायचं आणि कोळशाच्या पोत्यावर मत विकायचं. शहरं नासवली त्यांनी." दुसऱ्याच्या घरी वाद घालू नये असं आईनं शिकवलंय, म्हणून शिरा संपवला आणि गप्प बसले. ही फेसबुकची भिंत मात्र माझी आहे.

माझं ऑफिस न्यूयॉर्कच्या चेंबर्स स्ट्रीटपासून पाच मिनिटांवर. ऊन असलं की सिटी हॉल पार्कात बाकावर बसून डबा खाते. समोर संगमरवरी इमारत आहे, ट्वीड कोर्टहाऊस. १८६१ मध्ये बांधायला घेतलं तेव्हा अंदाज होता अडीच लाख डॉलरचा. गेले सुमारे एक कोटी तीस लाख. १८६७ मध्ये अमेरिकेनं रशियाकडून अख्खा अलास्का बहात्तर लाखांना घेतला, त्याच काळातली ही गोष्ट. गार्व्ही नावाच्या गिलाव्याच्या कंत्राटदाराचं दोन दिवसांच्या कामाचं बिल १,३३,१८७ डॉलर. तीन टेबलं आणि चाळीस खुर्च्यांचे १,७९,७२९. (शेवटचा तो ९ मला फार आवडतो. गोल आकडा लिहिला तर संशय येतो, एवढी अक्कल होती.) कंत्राटदारानं बिल फुगवायचं आणि वरचे पैसे शहराच्या राजकारणाचा म्होरक्या 'बॉस' ट्वीड याच्या टोळीत वाटले जायचे.

तेव्हा चोरीबद्दल काकांशी माझा वाद नाही. फक्त एवढंच की ट्वीड आयरिश नव्हता. न्यूयॉर्कातच जन्मलेला, स्कॉटिश वळणाच्या घरातला प्रॉटेस्टंट. आगीच्या बंबावर स्वयंसेवक म्हणून नाव काढलं आणि तिथून टॅमनी हॉलमध्ये शिरला. टॅमनी हॉल म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्कमधली शाखा म्हणा, क्लब म्हणा, भिशी म्हणा. तिन्ही खरं आहे.

आता कोळशाचं पोतं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, दहाएक लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यातली न्यूयॉर्कला उतरली ती फाइव्ह पॉइंट्ससारख्या वस्त्यांत, तळघरांत, एका खोलीत दोन-दोन कुटुंबं. बेकारभत्ता नाही, विमा नाही, रेशन नाही. घरातला कमावता माणूस गोदीत पाय मोडून पडला तर जायचं कुणाकडे? वॉर्डातल्या टॅमनीच्या माणसाकडे. त्याचा पत्ता बहुधा दारूचा गुत्ताच असायचा, पण दार उघडं असायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट नावाचा टॅमनीचा एक पुढारी याच कोर्टहाऊसमध्ये बूटपॉलिशवाल्याच्या खुर्चीवर बसून पत्रकाराला आपलं शास्त्र ऐकवायचा. त्याच्या एका दिवसाची हकीकत छापलेली आहे. रात्री दोनला दार वाजलं, एका गुत्तेवाल्याला जामीन हवा. पहाटे सहाला बंबाची घंटा ऐकून हा आगीच्या जागी हजर. जळालेल्या भाडेकरूंना हॉटेलात नेलं, कपडे दिले, खाऊ घातलं. मग पोलीस कोर्टात जाऊन दारूड्यांची सुटका, कुणाचं तरी थकलेलं भाडं, कुणाला नोकरी, एक इटालियन मयत, एक ज्यू लग्न. माणूस पक्का लबाड होता, शहराला कुठली जमीन लागणार ते आधी कळवून घेऊन ती विकत घ्यायचा आणि वर त्याला 'प्रामाणिक कमाई' म्हणायचा. पण पहाटे सहाला आगीपाशी तोच होता, टॅमनीला नावं ठेवणारी सुधारक मंडळी नव्हती. पोत्याच्या बदल्यात मत हा सौदा मला तरी बराच स्वच्छ वाटतो. पोतं खरंच यायचं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हिला टॅमनीचा पुळका आलाय. थांबा.

१८६३. यादवी युद्ध चालू, सैन्यात माणसं कमी पडतायत. वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारनं सक्तीच्या भरतीचा कायदा केला, नावं चिठ्ठ्या टाकून काढायची. त्यात पळवाट होती: तीनशे डॉलर भरा किंवा बदली माणूस द्या, आणि घरी बसा. हमालाची कमाई दिवसाला डॉलरभर. म्हणजे तीनशे डॉलर हा जवळजवळ वर्षाचा पगार. शनिवारी, ११ जुलैला चिठ्ठ्या निघाल्या. रविवारी पेपरात नावं आली, गुत्त्यांतून वाचली गेली. सोमवारी सकाळी थर्ड अव्हेन्यूवरच्या भरतीच्या कचेरीवर जमाव चालून गेला. आग लावण्यात बंबवालेच पुढे होते, 'ब्लॅक जोक' नावाच्या बंब कंपनीचे. त्यांच्यातल्या एकाचं नाव चिठ्ठीत आलं होतं.

दुपारपर्यंत भरतीचा विषय मागे पडला. फिफ्थ अव्हेन्यूवर कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रम होता, आत २३३ मुलं. जमावानं आधी तो लुटला, मग पेटवला. मुलं मागच्या बाजूनं निघाली, पोलीस चौकीत पोचली, जगली. पुढचे तीन दिवस रस्त्यात सापडेल त्या काळ्या माणसाला मारलं. अब्राहम फ्रँकलिन नावाचा एक अपंग गाडीवान होता, त्याला दिव्याच्या खांबाला लटकवलं. सैन्याच्या तुकड्या आल्या तेव्हा दंगल निवली. मेले किमान १०५, दंगेखोर धरून.

राग तीनशे डॉलरचा होता, मग निघाला कुणावर? गोदीत जूनमध्येच संप झाला होता आणि तो मोडायला काळे मजूर लावले होते. गुलाम सुटले की ते येऊन तुमची कामं घेणार, हे डेमोक्रॅटिक पुढारी आणि त्यांची वर्तमानपत्रं कित्येक दिवस आयरिश मजुरांच्या कानात ओतत होती. ते तर झालंच. मला मात्र एक दुसरा आकडा छळतो. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या पुरुषाला मतासाठी मालमत्तेची अट नव्हती. काळ्या पुरुषाला होती: अडीचशे डॉलरची. १८२१ पासून.

म्हणजे काळ्या वस्तीत मतंच जवळपास नव्हती. मग वॉर्डाचा माणूस तिथलं दार कशाला वाजवेल? पहाटे सहाला तिथे आग लागली तर कपडे घेऊन कोण धावेल? टॅमनीचं औदार्य मोजून केलेलं होतं आणि ज्याच्याकडे मोजण्यासारखं काही नाही, तो माणसांतच धरलेला नव्हता.

दंगलीनंतर ट्वीड ज्यात होता त्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मंडळानं वीस लाख डॉलरचं कर्ज उभारलं. ज्या गरीब कुटुंबवत्सल माणसाची चिठ्ठी निघेल त्याच्या बदली माणसाचे पैसे काउंटी भरणार. चिठ्ठ्या पुन्हा निघाल्या आणि शहर शांत राहिलं. चाल हुशारीची होती, आणि त्या घरांपुरती दयेचीही. जळालेल्या काळ्या कुटुंबांसाठी पैसे गोळा केले ते व्यापाऱ्यांच्या एका समितीनं. कित्येकांनी तोवर शहर सोडलं होतं. १८६९ मध्ये ती अडीचशेची अट काढायची का, असं राज्यातल्या मतदारांना विचारलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी देशाच्या घटनेत दुरुस्ती झाली तेव्हाच ती गेली.

ट्वीड १८७१ मध्ये पकडला गेला. त्याला उघडं पाडणाऱ्यांत व्यंगचित्रकार थॉमस नास्टचं नाव आदरानं घेतात. तो स्वतः जर्मनीतून लहानपणी आलेला, पण आयरिश माणूस काढताना माकडाचं तोंड काढायचा. त्याच वर्षीचं त्याचं एक चित्र आपल्या माणसांनी जरूर बघावं, 'अमेरिकेतली गंगा नदी'. किनाऱ्यावर भेदरलेली शाळकरी पोरं, आणि पाण्यातून मगरी चढून येतायत. नीट पाहिलं तर त्या मगरी म्हणजे कॅथलिक बिशप, आयरिश लोकांचे धर्मगुरू, आणि उघडा जबडा म्हणजे त्यांच्या टोप्या. हिंदू आया गंगेत मुलं मगरींना वाहतात, ही मिशनऱ्यांनी घरोघरी पोचवलेली कथा. आयरिश माणसाला हिणवायला सगळ्यात रानटी उपमा हवी होती, ती आपल्याकडून घेतली. काका, त्या चित्रात आपण कुठल्या बाजूला आहोत बघा.

आणि आता सुधारकांचं. ट्वीड गेल्यावर न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नर टिल्डननं शहरं कशी सुधारावीत यावर आयोग नेमला. १८७७ मध्ये अहवाल आला: शहराचा पैसा ज्यांच्या हातात राहील ते मंडळ सगळ्यांनी निवडायचं नाही. फक्त पाचशे डॉलरच्या मालमत्तेवर कर भरणाऱ्यांनी, नाहीतर वर्षाला किमान अडीचशे डॉलर भाडं देणाऱ्यांनी निवडायचं. परत अडीचशे! या वेळी रंग न बघता. वस्तीतले बहुतेक आयरिश त्यातून आपोआप गळत होते. एका विधिमंडळानं ठराव मंजूरही केला. घटनादुरुस्तीला पुढच्या विधिमंडळाची मंजुरी लागायची, ती मिळाली नाही. गरिबाचं मत वाचवायला टॅमनीवाले लढले, तेच खुर्च्यांचे १,७९,७२९ लावणारे.

काका, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात आणि रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन असता हे मला माहीत आहे. एकदा या चेंबर्स स्ट्रीटला. डबा दोघांना पुरेल.