खुलासा: लेआउटवर काळी माती चालते का?

'वावरातली काळी माती फेविकॉलमध्ये कालवून मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर (रूळ आणि देखावा मांडलेल्या पाटावर) थापा, फुकटात खरी जमीन' हा फिरता मेसेज अर्धाच बरोबर आहे. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. थापलेल्या थराला भेगा पडणारच. रंगवलेल्या प्लास्टरवर चाळलेली माती नुसती भुरभुरा, मग ड्रॉपरने एकास चार फेविकॉल-पाणी सोडा. त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब हवेतच, नाहीतर पाणी मुरत नाही.

त्याआधी पिशवीत गुंडाळलेलं चुंबक मातीतून फिरवा. आपल्याकडची माती बेसाल्टची, तिच्यातले मॅग्नेटाइटचे (चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या लोहखनिजाचे) कण इंजिनाच्या मोटरला चिकटतात. रुळालगत तर ती नकोच.

गाडी अडखळली की लोक वायरिंग उकलतात. बरेचदा रुळाच्या माथ्यावर फेविकॉल वाळलेलं असतं, म्हणून रुळातली वीज इंजिनाला मिळत नाही. आधी ते पुसा. दूरच्या टोकालाच गाडी मंदावत असेल, तर तिथे वेगळी फीडर वायर (रुळाला वीज पोचवणारी तार) जोडा.