मान आणि जबडा: एका दंतवैद्य वाचकांच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुनाट मानदुखी आणि जबड्याची हालचाल यांच्या संबंधावर मी लिहिलेल्या लेखावर आपण परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, मान आणि जबडा दोन्ही दुखणारे रुग्ण पुष्कळ भेटतात, पण तेवढ्यावरून एकामुळे दुसरे होते असे ठरत नाही. ताण आणि अपुरी झोप हे दोन्हींचे समान कारण असू शकते. मी दिलेले उदाहरण एकाच रुग्णाचे आहे. आणि असे लेख वाचून माणसे मानेच्या दुखण्यासाठी दंतवैद्याकडून दात तासून घ्यायला किंवा महागडे स्प्लिंट (दातांवर बसवायचे कवच) बसवायला धावतात. यातला शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण त्याला निमित्त माझेच एक वाक्य झाले आहे. ‘जबडा सुधारला की मान आपोआप मोकळी होते’ असे मी लिहिले होते. ते चूक होते आणि आज मी ते लेखातून काढले आहे. ज्या बाईंचे उदाहरण दिले होते, त्यांची मान सहा महिन्यांच्या व्यायामाने मोकळी झाली. त्या काळात त्यांची झोपही सुधारली होती आणि नोकरीही बदलली होती. त्यांच्या बरे होण्याचे श्रेय एकट्या जबड्याला देण्याचा मला अधिकार नव्हता.

मात्र त्यावरून मान आणि जबडा यांचा संबंधच नाही, असे म्हणणे मला मान्य करता येत नाही. दुखणे बाजूला ठेवून आधी निरोगी माणसाची हालचाल पाहू. मानेच्या मागे, कवटीच्या खालच्या कडेला, हाताची बोटे टेकवून मोठा आ करावा. तिथले स्नायू आखडल्याचे बोटांना जाणवते आणि डोके किंचित मागे जाते. आता हनुवटी छातीला टेकवून तेवढाच आ करून पाहावा; तो होत नाही. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातील पेर-ओलोफ एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हीच गोष्ट मोजून दाखवली. जबडा उघडताना डोके मागे झुकते, मिटताना पुढे येते, आणि डोक्याची हालचाल जबड्याच्या बरोबरीने किंवा त्याच्या थोडी आधीच सुरू होते. जबड्याच्या धक्क्याने डोके हलत असते, तर ते नंतर हलले असते. म्हणजे घास घेण्यासाठी मेंदू जो आदेश देतो, त्यात मानेचाही वाटा धरलेला असतो. याच गटाने पुढे अपघातात मानेला हिसका बसलेल्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांचे तोंड कमी उघडत होते आणि डोक्याची साथही कमी झाली होती. २००४ मध्ये त्यांना पाच मिनिटे च्युइंगगम चघळायला दिले, तेव्हा निरोगी माणसांच्या तुलनेत त्यांना थकवा आणि वेदना लवकर जाणवल्या. भाकरी चावताना मान भरून येते असे माझ्याकडचे रुग्ण सांगतात, तेव्हा मला ही चाचणी आठवते.

आपण ‘स्नायूंची साखळी’ या माझ्या शब्दप्रयोगाला सैल म्हटलेत. तो सैल आहेच, म्हणून नेमके सांगतो. चेहरा, दात आणि जबडा यांच्या वेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचे खालचे केंद्र मेंदूच्या देठातून उतरत मानेच्या मज्जारज्जूपर्यंत येते, आणि मानेच्या वरच्या तीन नसांचे तंतूही तिथेच येऊन मिळतात. दोन्हीकडचे संदेश ज्या पेशींवर एकत्र येतात, त्यांच्यापुढे वेदनेचा उगम कुठला हे नेहमी स्पष्ट नसते. दाढ दुखते म्हणून आपल्याकडे आलेल्या रुग्णाची दाढ निरोगी निघाल्याचा अनुभव आपल्यालाही असेल.

आता कार्यकारणाचा प्रश्न. २०१० मधील कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ज्या अभ्यासावर मी भर दिला होता, त्यात मानेची अक्षमता आणि जबड्याची अक्षमता यांचा घट्ट सहसंबंध दिसला. पण तो एकाच वेळी केलेल्या मोजणीतला होता, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे त्यावरून कळत नाही. इथे आपण बरोबर आहात. मी तेव्हा न दिलेली दोन कामे मात्र यापुढे जातात. २००५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या मानेपासून खांद्यापर्यंतच्या ट्रॅपेझियस स्नायूत तीव्र मिठाचे द्रावण टोचून तात्पुरती वेदना निर्माण करण्यात आली, तेव्हा ती जबड्याच्या सांध्याकडे पसरली आणि तोंड उघडणे कमी झाले. या माणसांना ना ताणाचा आजार होता ना जबड्याचा. बदलली होती ती फक्त स्नायूतली वेदना. दुसरे काम उमेओमधील दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवरचे, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले. दोन वर्षांच्या पाहणीत, सुरुवातीला जबड्याच्या तक्रारी असलेल्यांत मान-पाठीच्या तक्रारी पुढे अधिक उद्भवल्या, आणि मान-पाठीच्या तक्रारी असलेल्यांत जबड्याच्या. रस्ता दोन्ही दिशांनी चालू आहे.

ताणाचा आणि झोपेचा वाटा मी नाकारत नाही. जबड्याच्या दुखण्यावरच्या अमेरिकेतील ओपेरा (OPPERA) या मोठ्या अभ्यासात शरीरात इतरत्र आधीपासून असलेल्या वेदना आणि एकूण आरोग्याच्या तक्रारी यांचा जबड्याच्या नव्या दुखण्याशी संबंध दिसला होता. म्हणून मानेशी असलेला दुवा हे जबड्याच्या दुखण्याचे अनेक कारणांपैकी एक मानावे. डोके पुढे झुकलेली ठेवण हीच सगळ्याच्या मुळाशी आहे, हा लोकप्रिय समज मात्र मोजमापांत टिकलेला नाही. माझ्या लेखात तो अर्ध्या वाक्यात डोकावला होता, तोही मी काढला आहे.

उपचारांबाबत आपण आणि मी एकाच बाजूला आहोत. मानेवरच्या उपचारांनी जबड्याची वेदना कमी झाल्याचे २००९ च्या एका स्पॅनिश अभ्यासात दिसले, पण त्यात १९ च रुग्ण होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर मी मोठे बांधकाम करणार नाही. अधिक भक्कम आधार डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांचा आहे. जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी त्यांनी देखरेखीखालील जबड्याचे आणि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, हाताने केलेले उपचार, घरचे व्यायाम आणि वेदनेकडे पाहण्याची रीत बदलणारे मानसोपचार यांची ठाम शिफारस केली. कायमस्वरूपी बदल करणाऱ्या स्प्लिंटविरुद्ध तितक्याच ठामपणे, तर काढता येणाऱ्या स्प्लिंटविरुद्ध सौम्यपणे मत दिले. झोपेत दात खाणाऱ्याच्या दातांची झीज वाचवण्यासाठी स्प्लिंट देणे हा वेगळा विषय आहे आणि तो निर्णय आपला आहे. मानदुखीसाठी निरोगी दात तासणे मात्र मी कुणालाही सुचवणार नाही, कारण तासलेला दात परत येत नाही.

आपल्याकडच्या परिस्थितीत आणखी एक काळजी मी लेखात घ्यायला हवी होती. तोंडात उभी तीन बोटे जात नसतील, तर महाराष्ट्रात पहिला प्रश्न सुपारी आणि गुटख्याचा विचारायला हवा. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ झालेले तरुण माझ्याकडे ‘मान धरली आहे’ म्हणून येतात, आणि त्यांना व्यायाम नव्हे, तर तातडीने आपल्यासारख्या तज्ज्ञाची तपासणी लागते, कारण ती अवस्था पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते. पन्नाशीनंतर नव्याने डोके दुखू लागणे, चावताना जबडा भरून येणे आणि दृष्टी अंधुक होणे, किंवा श्रम करताना जबड्यात आणि छातीत एकदम दुखणे, यांनाही मानेचे दुखणे समजून थांबू नये. हा परिच्छेद आता मूळ लेखात सुरुवातीलाच घातला आहे.

आपल्याला एक विनंती आहे. जुनाट मानदुखीचा रुग्ण रूट कॅनालसाठी खुर्चीवर असेल, तर डोक्याखाली नीट आधार द्यावा आणि थोड्या थोड्या वेळाने त्याला तोंड मिटू द्यावे. माझ्याकडे आलेल्या मानेच्या प्रत्येक जुन्या रुग्णाला ‘चावताना त्रास होतो का’ आणि ‘जांभई देताना सांध्यात अडकते का’ हे मी विचारतोच. त्यातल्या ज्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, त्यांना यापुढे व्यायाम सुरू करण्याआधी मी दंतवैद्याकडे पाठवीन.