भाषण ऐकायला आलोय, माझं काही बिघडलेलं नाही

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट आहे, लिहू लिहू म्हणत राहूनच गेली. काल शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलं की मानसशास्त्रावरची भाषणं म्हणजे आता नुसता धंदा झालाय, लोकांना कामं नाहीत, त्यापेक्षा सकाळी उठून चालायला जा म्हणावं. धंदा झालाय हे मलाही मान्य आहे. पण मागच्या वर्षी एक भाषण ऐकलं मी, तेही मला न येणाऱ्या भाषेत, आणि ते काही डोक्यातून जाईना, म्हणून हे एवढं लांबलचक. वेळ असेल तर वाचा.

मी राहतो क्लुजला. रोमानियात, ट्रान्सिल्वानियात, होय होय तेच रक्तपिपाशूंवालं, जोक करून घ्या, मी थांबतो. तर इथल्या हंगेरियन लोकांसाठी हे गाव क्लुज नाहीच, कोलोझ्वार. जर्मन लोक क्लाउझेनबुर्ग म्हणायचे. सरकारी नाव क्लुज-नापोका, त्यातलं नापोका हे रोमन काळातलं नाव १९७४ साली मागे जोडलं, म्हणजे गाव मुळात कुणाचं ते कागदावर दिसावं. मी बेळगावचा, २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात लंचला एक कलीग आवाज बारीक करून म्हणाली की आमच्या घरी याला कोलोझ्वार म्हणतात, तेव्हा मी म्हटलं बाई तू बिनधास्त बोल, मी टिळकवाडीत वाढलोय, गावाला दोन नावं असली की काय काय होतं ते मला सांगायला नको.

२०१० पासून इथे दर ऑगस्टला 'कोलोझ्वारी मग्यार नापोक' भरतात, कोलोझ्वारचे हंगेरियन दिवस. (नापोक म्हणजे दिवस, वरच्या नापोकाशी काही संबंध नाही, मीपण आधी फसलो होतो.) ज्या गावात १९९२ ते २००४ घेओर्घे फुनार हे कट्टर रोमानियन राष्ट्रवादी महापौर होते आणि रस्त्यावरची बाकडी, कचऱ्याचे डबेसुद्धा रोमानियन झेंड्याच्या निळ्या-पिवळ्या-लाल रंगात रंगवलेले होते, त्याच गावात आता आठवडाभर सगळीकडे हंगेरियन ऐकू येतं. फारकश उत्सा म्हणून जुना रस्ता आहे, लांडग्यांची गल्ली, तिथे तर पाय ठेवायला जागा नसते. मातीची भांडी, मध, लोकनृत्य, आणि तो क्युर्तोश्कलाच, दांड्याला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर फिरवत भाजतात, वरून साखर जळून कुरकुरीत होते. कुंद्याची सर नाही, पण बरा लागतो.

आणि या सगळ्या जत्रेत व्याख्यानं. इतिहासावर, भाषेवर आणि मानसशास्त्रावर. कलीग म्हणाली चल, आई पण येतेय, मी कानात भाषांतर करते. मला वाटलं असतील वीस-पंचवीस डोकी. एका जुन्या इमारतीच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या, त्या भरून लोक पायऱ्यांवर बसलेले, भिंतीला टेकून उभे. पुढच्या रांगांत सगळ्या साठी-सत्तरीच्या बायका, हातात पंखे. आणि कडेला पुरुष उभे, हाताची घडी, चेहऱ्यावर असा भाव की मी आपला बायकोला सोडायला आलोय. तासाभराने बघतो तर तेच पुरुष जागचे हललेले नाहीत.

इथेच माझा पहिला मुद्दा. या माणसांना सायकॉलॉजिस्टकडे जा म्हटलं असतं तर एकही गेला नसता. पण जत्रेत आलोय, वाटेत भाषण होतं, थांबलो, यात कुणाला काही कबूल करावं लागत नाही. आपल्याकडे वाचनालयाच्या व्याख्यानमालेला लोक येतात तसंच. आमचे एक शेजारी आयुष्यात कधी डॉक्टरलाही "मला झोप लागत नाही" म्हणाले नसतील, पण 'निद्रानाश' विषयावर भाषण होतं तर सगळ्यात आधी खुर्ची धरून बसले होते, आणि घरी सांगितलं की हॉलमध्ये पंखे चांगले आहेत.

बरं, इथल्या लोकांची ही भूक आली कुठून, हे मला नंतर वाचल्यावर कळलं आणि मी उडालोच. हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात, १९७७ साली, रोमानियातल्या विद्यापीठांतून मानसशास्त्राचं शिक्षणच बंद केलं. विषयच नको! मग १९८२ मध्ये आणखी एक प्रकरण, आपल्या महेश योगींचं भावातीत ध्यान. तिथल्या काही बुद्धिजीवींनी ते करून बघितलं, आधी सरकारी परवानगीनेच, आणि मग राजवटीला अचानक त्यात कट दिसला. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, मानसशास्त्राची संस्थाच मोडीत निघाली. १९८९ ची क्रांती होऊन १९९० उजाडलं तेव्हा हा विषय विद्यापीठात परत आला. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या बाईच्या ऐन उमेदीत या देशात मानसशास्त्र शिकायचीसुद्धा सोय नव्हती. ती आता पंखा घेऊन पहिल्या रांगेत बसणार नाही तर काय करणार?

आणि गंमत म्हणजे हंगेरियन लोकांचा या विषयात हात धरणारं कोण नाही. फ्रॉइडचा जवळचा सहकारी शान्दोर फेरेन्त्सी, मिश्कोल्त्स गावचा. १९१९ मध्ये बुडापेस्टच्या विद्यापीठात मनोविश्लेषणाचा प्राध्यापक झाला, जगात पहिला. मिहाय बालिंट, ज्याने साध्या फॅमिली डॉक्टरांना गोल करून बसवलं आणि सांगितलं की पेशंटला तुम्ही जे औषध देता त्यात सगळ्यात मोठं औषध तुम्ही स्वतः असता. आपण उठताबसता 'स्ट्रेस' म्हणतो तो शब्द या अर्थाने जगभर नेणारा हान्स सेये, कोमारोम गावात वाढला, ज्या गावाचे १९२० मध्ये डॅन्यूबच्या दोन काठांवर दोन देशांत दोन तुकडे झाले. स्ट्रेसवाला माणूस अशा गावातून यावा, हे कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा जास्तच होतंय. आणि कामात तहानभूक हरपते त्या अवस्थेला 'फ्लो' म्हणणारा मिहाय चीकसेंटमिहायी! हे आडनाव बघून घाबरू नका, चीकसेंटमिहाय हे इथलंच ट्रान्सिल्वानियातलं एक गाव, आणि शेवटचा 'ई' म्हणजे आपला 'कर'. आपल्याकडे असता तर मिहायकर झाला असता, विषय संपला.

भाषणाचा विषय होता घरात न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी. वक्त्या मध्यमवयीन बाई, पीपीटी नाही, हातात एक कागद, तोही त्यांनी बघितला नाही. हंगेरियनमध्ये मानसशास्त्राला लेलेक्तान असाही शब्द आहे. लेलेक म्हणजे आत्मा, मन, आणि श्वासाचा शब्द त्याच मुळातून आलेला. मी मनात म्हटलं, आमच्याकडे पण जीवात जीव येतो तेव्हा नक्की काय येतं, श्वासच की.

आता तक्रार. हंगेरीत गेली काही वर्षं 'वारशाने आलेलं नशीब' हा विषय फार जोरात आहे, म्हणजे आजी-आजोबांनी जे भोगलं ते तुमच्या अंगात उतरलंय वगैरे. तशी नशिबाची आणि मानसशास्त्राची सांगड इथे जुनीच आहे. लिपोत सोंदी नावाच्या हंगेरियन माणसाने ४८ फोटोंची एक टेस्टच काढली होती, मनोरुग्णांचे चेहरे दाखवायचे, कुठला आवडतो कुठला नाही ते विचारायचं, आणि त्यावरून तुमचा पिंड ठरवायचा. विज्ञानाच्या कसोटीला ती टेस्ट उतरली नाही, पण लोकांना अशा गोष्टी आवडतात हो. मला या वारशाच्या फॅशनचा राग येतो. ऑफिसात एकजण रोज मीटिंगला उशिरा येतो आणि सांगतो की आमच्या घराण्यात युद्धापासून घड्याळाशी वैर आहे. हे लेबल एकदा हातात पडलं की माणूस बोलायचं थांबतो, उत्तर सापडलं ना! आणि दुसरं म्हणजे वारशात सगळ्यांना जखमाच मिळालेल्या असतात, आजोबांनी कुणाचं काय केलं ते वारशात कुणालाच मिळत नाही, कसं काय?

म्हणून मी जरा आखडूनच बसलो होतो. बाईंनी सुरुवात अपेक्षेप्रमाणेच केली. १९२० च्या तहात हा भाग हंगेरीकडून रोमानियाकडे गेला, १९४० मध्ये परत हंगेरीकडे, १९४४ मध्ये परत रोमानियाकडे, म्हणजे १९१० साली इथे जन्मलेल्या बाईने उंबरा न ओलांडता पस्तिशीच्या आत तीनदा देश बदलला. सगळ्यांच्या माना हलत होत्या, हे त्यांना पाठ आहे, आम्हा बेळगावकरांना १९५६, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते साल, पाठ आहे तसं. मग बाई म्हणाल्या, आणि त्याच १९४४ च्या मे-जूनमध्ये, हंगेरियन अंमल असताना, या गावच्या वीटभट्टीत कोंडलेल्या अठरा हजारांच्या आसपास ज्यूंना आउशवित्झच्या गाड्यांत भरलं, तर त्यांच्याबद्दल तुमच्या घरात कोण बोलायचं? कलीगचं भाषांतर मध्येच थांबलं. सगळे पंखे थांबले. बाईंनी पुढे स्पष्टीकरण दिलं नाही, दोषही दिला नाही, पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या. मी तिथे माझी हाताची घडी सोडली.

फेरेन्त्सीने १९३२ मध्ये एक निबंध वाचला होता, मोठी माणसं आणि मूल यांच्यातल्या भाषांच्या गोंधळावर. मूल एका भाषेत बोलतं, जवळीक मागतं, मोठा माणूस ते आपल्या भाषेत ऐकतो आणि त्याचा घात करतो, आणि मग वर असं दाखवतो की काही झालंच नाही. फ्रॉइडला तो आवडला नव्हता, पुढल्या वर्षी फेरेन्त्सी गेलाच. बाईंनी यातला एकच धागा घेतला, की झालेल्या गोष्टीइतकाच त्रास 'काही झालंच नाही' या वाक्याने होतो. हे वाक्य तर आपल्याकडे घरोघरी आहे, "जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं". गंगेला मिळालं म्हणजे नक्की कुठे गेलं, कुणी बघून आलंय का?

शेवटी प्रश्नोत्तरं. एका माणसाने उठून विचारलं की मुलगा जर्मनीत असतो, फोनवर फक्त हवापाण्याचं बोलतो, मी काय करू. इथे मला वाटलं आता येणार सल्ला, तीन उपाय, पाच सवयी. बाई म्हणाल्या, तुम्ही त्याला काय सांगता? तो म्हणाला, मी पण हवापाण्याचंच सांगतो. सगळे हसले, तोपण हसला, आणि बसताना चष्मा काढून पुसायला लागला. बाईंनी त्याला काहीही सल्ला दिला नाही. स्टार वक्ते असतात ना, स्टेजवरून एका मिनिटात कुणाच्याही लग्नाचा निकाल लावणारे, तिकडेही आहेत आणि आपल्याकडेही रग्गड आहेत, त्यांना हे जमत नाही, गप्प बसणं.

आणि हे सगळं मातृभाषेत होतं म्हणून झालं, असं माझं ठाम मत आहे. इथले हंगेरियन लोक रोमानियन फाडफाड बोलतात, बँकेत, दवाखान्यात, कोर्टात. पण तो हवापाण्याचा प्रश्न त्या माणसाने रोमानियनमध्ये विचारला नसता. माझी आई कन्नडमध्ये भाजीवाल्याशी तासभर भांडू शकते, पण पोटात तुटतंय हे तिला मराठीतच सांगता येतं. नुसते औषधगोळीचे डॉक्टर आपल्या भाषेत नसले तर चालवून घेता येईल एकवेळ, मनाचं तसं नाही. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेसारखं मराठीत बोलणारं काहीतरी आहे याची किंमत महाराष्ट्रात राहून कळत नाही, सीमेवर राहून कळते.

परत निघालो. कलीगची आई, मी त्यांना नेनी म्हणतो, काकूसारखं, मघापासून गप्प होत्या. क्युर्तोश्कलाचच्या स्टॉलपाशी मी एक घेतला, गरम होता, वाफ येत होती. नेनी एकदम म्हणाल्या की माझे वडील जेवताना कधी दाराकडे पाठ करून बसायचे नाहीत. कलीग म्हणाली हो माहितीये, वाऱ्याच्या झोताला घाबरायचे. (इथले लोक दारातून येणाऱ्या झोताला भयंकर घाबरतात, मान धरते म्हणून.) नेनी म्हणाल्या, वारा नाही ग. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत सैनिकांनी गावातल्या हजारो पुरुषांना थोडंसं काम आहे म्हणून सक्तमजुरीच्या छावण्यांत नेलं होतं हे मला माहीत होतं, पण त्यात हिचे आजोबा होते हे कलीगलाच त्या क्षणी कळत होतं, चाळिशीत, साखरेने चिकट झालेल्या हातांनी.

त्यानंतर दोघी भराभर हंगेरियनमध्ये बोलायला लागल्या आणि माझं भाषांतर बंद झालं. मी काही विचारलं नाही. दोन पावलं मागे राहिलो आणि कलाचचा पीळ उलगडत चालत राहिलो, पार चौकापर्यंत, तिथे त्या बस सोडून पुढे पायीच गेल्या.