साक्ष देण्याआधी

चार वर्षांपूर्वी शुक्रवारच्या घरप्रार्थनेत मी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका बहिणीला सर्वांसमोर साक्ष द्यायला उभे केले. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून ती खानापूर तालुक्यातून बेळगावात माहेरी परतली होती. प्रभूने तुला वाचवले आहे, ते चार लोकांना सांगितलेस तर तुझे मन मोकळे होईल, असे मी तिला अगदी मनापासून म्हटले होते. (तिच्याविषयीचा हा मजकूर तिला आधी वाचून दाखवला आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

खोलीत आम्ही पंधरा-सोळा जण होतो. रस्त्यावरचा आवाज येतो म्हणून कोणीतरी दाराला कडी लावली आणि प्रार्थना करणाऱ्या भावांनी मागून येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती एकदम खाली बसली. चटईची कड तिने इतकी घट्ट धरली की हात सोडल्यावर तळव्यावर विणीचे वळ उमटलेले मला दिसले. तिला पवित्र आत्म्याने स्पर्श केला असे आम्ही समजलो आणि गीत सुरू केले. त्यानंतर दोन महिने ती उपासनेला आली नाही, तेव्हा ‘विश्वासात थंड पडली’ असे म्हणणाऱ्यांत मीही होते. कितीतरी दिवसांनी, माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडताना, तिने सांगितले की नवरा आधी दाराला कडी लावायचा आणि मग मागून केस धरायचा.

आघात सोसलेल्या माणसाचे शरीर धोक्याची खूण विसरत नाही. बंद दार, मागून आलेला हात, चढलेला आवाज एवढ्यानेही ते आपोआप सावध होते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, वाचा बसते. याचा विश्वासाच्या कमीजास्तपणाशी काहीही संबंध नाही. अमेरिकेतील ‘साम्सा’ या सरकारी संस्थेने २०१४ साली अशा माणसांच्या सेवेची जी तत्त्वे मांडली, त्यांत सुरक्षितता पहिली आहे, आणि आपल्या बाबतीत काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाच्या हाती परत देण्यावर मोठा भर आहे. त्या शुक्रवारी आम्ही तिच्याकडून नेमके हेच काढून घेतले. हात ठेवू का, एवढे विचारायला आम्हाला कितीसा वेळ लागला असता?

ही बाहेरून आणलेली शिकवण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी बायबलमधील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचावा. तामारेवर तिच्या सावत्र भावाने बलात्कार केला. तिने डोक्यात राख घातली, अंगावरचा झगा फाडला आणि ती मोठ्याने आक्रोश करीत निघाली. सख्खा भाऊ अबशालोम याने तिला आसरा दिला, पण गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे, असेही सांगितले. तिचा बाप दावीद राजा संतापला, पण त्याने अत्याचार करणाऱ्या त्या मुलाला शिक्षा केली नाही. तामार भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिली, असे शास्त्र स्पष्ट सांगते. आमच्या मंडळ्यांत हा अध्याय व्यासपीठावरून वाचलेला मी तरी ऐकलेला नाही. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र मात्र वारंवार भेटतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, ही त्यांची खरी सेवा होती, आणि पुढे बोलू लागले तेव्हा त्यांनी त्याच्याच दुःखाचा दोष त्याच्यावर ठेवला.

क्षमेविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. क्षमा हा आपल्या विश्वासाचा गाभा आहे, म्हणूनच ती कोणाकडून घाईने वसूल करण्याची वस्तू नव्हे. मार खाऊन आलेल्या स्त्रीला पहिल्याच भेटीत ‘क्षमा कर, संसार सांभाळ’ असे सांगणे म्हणजे तिला पुन्हा त्याच कडी लावलेल्या खोलीत पाठवणे आहे. मनातून क्षमा करूनही वेगळे राहता येते, पोलिसांत तक्रारही देता येते. लहान मुलांच्या बाबतीत तर मंडळीने आपसात मिटवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि यातून पाळक, मंडळीचे वडीलजन किंवा संडे स्कूलचे शिक्षक सुटत नाहीत. मंडळीचे नाव जाईल, ही भीती मी अनेकदा ऐकली आहे. त्या मुलाचे काय गेले, हे तितक्या वेळा कोणी विचारलेले मी ऐकले नाही.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. आपण कचेरीत कन्नड बोलतो, कामाच्या ठिकाणी हिंदी बोलतो, पण रडतो मराठीत. मनावर घाव झालेली बाई समुपदेशकासमोर बसून आधी वाक्य जुळवू लागली, तर अर्धे दुःख भाषांतरातच अडकते. त्यामुळे अशा वेळी सोबत जाणारी, गरज पडल्यास तिचे बोलणे समजावून सांगणारी आणि ऐकलेले गावभर न करणारी मराठी बहीण ही मंडळी देऊ शकेल अशी फार मोलाची सेवा आहे. धारवाडला सरकारी मनोरुग्णालय व संस्था आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो. उपास-प्रार्थना आणि डॉक्टरांच्या गोळ्या यांत एकाची निवड करायला लावणे मला चुकीचे वाटते. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरात घरे गेली, तेव्हा आपण पूरग्रस्तांना आधी कोरडे कपडे आणि गरम भात दिला, आणि त्यामुळे आपली प्रार्थना उणी पडली असे कोणालाच वाटले नाही.

त्या बहिणीची मी क्षमा मागितली. तिने लगेच काही उत्तर दिले नाही आणि मीही ते मागितले नाही. आता ती उपासनेला येते, दाराजवळच्या बाकावर बसते, आणि तिची जागा कोणी घेऊ नये एवढे आम्ही पाहतो. तिने अजून साक्ष दिलेली नाही. गेल्या महिन्यात मात्र भाजी घेऊन परतताना ती माझ्या दारात थांबली आणि म्हणाली, “ताई, पुढच्या शुक्रवारची प्रार्थना आमच्या घरी ठेवा की. फक्त दार उघडं असू दे.”