वाळलेल्या फांद्यांची लागवड

माण तालुक्यातल्या दुष्काळी गावातून शिकायला अमेरिकेत गेलेल्या मुलाने प्रशिक्षणासाठी कॅलिफोर्नियातले जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान निवडावे, हे आईला आजतागायत पटलेले नाही. ‘‘उजाड रानच बघायचं होतं, तर विमानाचं तिकीट कशाला काढलंस?’’ हा तिचा प्रश्न बिनतोड होता.

माझे पद ‘संसाधन व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी’ असे भारदस्त होते; प्रत्यक्षात हाती आली ती कुदळ, पहार आणि वाळलेल्या फांद्यांचा ढीग. 1994 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेल्या या सुमारे 3,200 चौरस किलोमीटरच्या वाळवंटात हौशी लोक रस्ता सोडून गाड्या घालतात, सूक्ष्मजीवांनी घट्ट धरून ठेवलेली मातीची वरची खपली चाकांखाली मोडते, ती भरून यायला कित्येक दशके लागतात आणि तोवर चाकोरी पाहून पुढचा गाडीवाला निःशंकपणे तिथेच वळतो. म्हणून चाकोरीत खड्डे घेऊन त्यांत मेलेल्या झुडपांच्या फांद्या उभ्या पुरायच्या, म्हणजे वाट कधी नव्हतीच असे वाटते. फांद्यांच्या आडोशाला वाऱ्याने आलेले बी अडकते, क्वचित रुजतेही. पण हे फोनवर सांगण्याआधीच आई विचारी, ‘‘फुटल्या का रे?’’

‘‘आई, त्या मेलेल्याच आहेत.’’

‘‘मग पाणी तरी घालतोस की नाही?’’

पाण्याची तिथली तऱ्हाच निराळी. माणसाने दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी प्यावे असा दंडक. आणि वाळवंटी कासव आपला साठा मूत्राशयात बाळगून असते, घाबरले की तो सांडते आणि त्यापायी जिवालाही मुकू शकते. त्यामुळे गाडीच्या सावलीत कासव येऊन बसले, तर त्याला हात न लावता ते स्वखुशीने उठेपर्यंत थांबायचे. एकदा मी असा पाऊण तास उन्हात उभा होतो, सावलीत ते होते.

खरी फजिती मात्र पहिल्याच आठवड्यात झाली. दिवसभर पहार मारून, तळहाताला फोड आणून, मी चाळीस फांद्या दीड-दीड हातावर ओळंब्यात उभ्या केल्या. वाकडे तास घालणाऱ्याला आमच्या घराण्यात जेवायलाही उशिरा वाढत. त्यामुळे कौतुकाच्या अपेक्षेने मी वरिष्ठांकडे पाहिले. त्यांनी थोडा वेळ निरखून अतिशय सौम्यपणे सांगितले, की निसर्ग ओळीने पेरत नाही. सगळ्या फांद्या उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. मुद्दाम वाकडे लावणे किती अवघड असते! तीन लावल्या की चौथी आपोआप रांगेत येई. शेवटी मी डोळे मिटून खडे फेकू लागलो आणि खडा पडेल तिथे खड्डा घेऊ लागलो.

शेवटच्या दिवशी रस्त्यावर उभे राहून मी त्या जागेचा फोटो काढला आणि आईला पाठवला. तिने चष्मा लावून, मोठा करून पाहिला असावा, कारण बऱ्याच वेळाने तिचा फोन आला.

‘‘अरे, यात तू केलेलं काहीच दिसत नाही.’’

मी तो अभिप्राय वरिष्ठांना भाषांतर करून सांगितला. त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केले.