कैसर-ए-हिंदची आंघोळ

कैसर-ए-हिंद हे फुलपाखरू पूर्व हिमालयात उंचावर, झाडांच्या शेंड्यांशी उडतं. त्याला पकडणं हा कायद्याने गुन्हा. मी ते पाकिटावरून पकडतो. भारतीय टपाल तिकिटांच्या १९८१च्या चार फुलपाखरांच्या संचात बाकीच्या तिघांना ३५ पैसे, ५० पैसे आणि एक रुपया. कैसर म्हणजे सम्राट, त्याला दोन रुपये. पाकिटावरून उतरवताना तो आपली पायरी दाखवतोच.

ओढायचं नाही. ओढलं की तिकिटाचा मागचा थर सोलून निघतो, आणि उजेडात धरलं की पंखात खिडकी दिसते. म्हणून पाकीट तिकिटाभोवती सेंटिमीटरभर सोडून कापायचं. कात्री तिकिटाच्या कडेच्या दात्यांपासून लांब! दाते गेले की सम्राट बोळका. मग पसरट ताटलीत कोमट पाणी, चित्र वर, वीस मिनिटं. लग्नपत्रिकेच्या पाकिटाचा तुकडा मात्र वेगळा भिजवा. त्याचा लाल रंग सुटतो, वर कोपऱ्याला लावलेलं हळदकुंकूही. सगळ्या फुलपाखरांना एकदम हळद लागते.

साधारण पंधराव्या मिनिटाला घरातून प्रश्न येतो, "ही जेवायची ताटली ना?" याला उत्तर नाही. ताटली वेगळी ठेवा.

तिकीट आपणहून सरकलं पाहिजे. मागची बाजू बुळबुळीत लागली तर परत पाण्यात, कारण डिंक राहिला तर ते टीपकागदाशीच संसार थाटतं. उचलायला सपाट टोकांचा चिमटा हवा. भुवयांचा चिमटा ओल्या कागदात रुततो. टीपकागदावर पालथं ठेवायचं, पंखा बंद. कुणीतरी तो लावतंच.

अमेरिकेचं २०१०चं ६४ सेंटचं मोनार्क फुलपाखराचं तिकीट या भानगडीत घालू नका. ते आडमाप पाकिटांसाठी काढलेलं, स्वयंचिकट. दिवसभर पोहलं तरी पाकीट सोडत नाही. कागदासकट कापा नि ठेवा. आणि कोकणातल्या जुलैत तर अल्बम उघडूच नये. दमट हवेत कोऱ्या तिकिटांचा डिंक पानाला धरतो आणि दात्यांवर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात.

वाळलेलं तिकीट पापडासारखं वळतं. रात्रभर जाड शब्दकोशाखाली. सकाळी सगळं जागच्या जागी: दाते शाबूत, रंग शाबूत, आणि शिक्का उठला नाही म्हणून कुणीतरी पंखावर ओढलेली बॉलपेनची रेघही शाबूत. ती काल दिसत होतीच. भिजवल्यावर जाईल, असं दर वेळी वाटतं.