व्हिएन्नाच्या मुलीने फ्रेंचमधे गायलं तर ते ढोंग कसं?

दुपारपासून डोकं तापलंय. एका ग्रुपवर कुणीतरी युरोव्हिजनमधल्या (युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा) पोकळ गाण्यांची यादी टाकली, त्यात ऑस्ट्रियाच्या झोईचं २०१६ चं 'ल्वां दिसी'. का, तर म्हणे ऑस्ट्रियाची भाषा जर्मन, मग फ्रेंचमधे गाणं हे ढोंग. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

अरे, ती पोरगी व्हिएन्नातल्या फ्रेंच शाळेत शिकलीय! गाणं तिने वडिलांबरोबर लिहिलंय, आदल्या वर्षी ऑस्ट्रियाचं गाणं निवडायच्या स्पर्धेतही तिने फ्रेंचच गायलं होतं आणि तिसरी आली होती. १९ वर्षांची मुलगी शाळेपासून तोंडात बसलेल्या भाषेत गाते, यात ढोंग कुठून आलं? भीमसेनजी गदगचे, घरची भाषा कानडी, त्यांचे अभंग ऐकताना आपल्यापैकी कुणाच्या मनात तरी आलं का हे?

मी ती फायनल लाइव्ह बघितलीय. १४ मे, स्टॉकहोम, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू. तेव्हा मावशी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आमच्याकडे राहायला होती, दुखण्याने झोप नाही म्हणून माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसली. मावशी चौथी शिकलेली. २६ गाण्यांत झोईची गायची पाळी चोविसावी, दोन वाजून गेलेले, मला डुलक्या येत होत्या आणि बघते तर मावशीची बोटं वॉकरच्या दांडीवर ठेका धरतायत. "काय गाते गं ही?" म्हटलं फ्रेंच आहे मावशी. "असू दे, आवाज वाढव जरा."

त्या वर्षीच्या फायनलमधे इंग्लिशचा एक शब्दही नसलेलं हे एकच गाणं होतं. एकच! खुद्द फ्रान्सच्या आमिरने फ्रेंचमधे इंग्लिश मिसळलं, जर्मनी इंग्लिशमधे, स्पेनने तर पहिल्यांदाच अख्खं गाणं इंग्लिशमधे नेलं. (त्यांना घरच्यांनी बोल लावले, हे खरंय.) १९९९ पासून कुठल्याही भाषेत गायची मोकळीक आहे, ती जवळजवळ सगळ्यांनी इंग्लिशसाठी वापरली, त्यावर ही मंडळी गप्प. आणि आदल्या वर्षी ऑस्ट्रियाने स्वतःच्या घरात, व्हिएन्नात, इंग्लिश गाणं गायलं तेव्हा काय मिळालं? शून्य गुण. ते चाललं, ते ढोंग नाही, पण फ्रेंच गायलं की ढोंग. कुठला न्याय हा?

आणि ज्युरी, म्हणजे देशोदेशीचे संगीतातले परीक्षक. ज्युरींवर माझा जास्त राग आहे, अजून गेलेला नाही. २०१६ ला ज्युरी आणि पब्लिकची मतं पहिल्यांदा वेगळी जाहीर झाली म्हणून हे सगळ्यांना दिसलं तरी. ज्युरींनी झोईला ३१ गुण दिले. तिथे ती चोविसावी. पब्लिकने दिले १२०, तिथे आठवी! मिळून १५१ आणि तेरावा नंबर. संगीतातली जाणकार म्हणवणारी माणसं, त्यांना नाचायला लावणारी साधी चाल म्हणजे काहीतरी हलकं वाटतं. पायाला ठेका मिळतो तो काय आपोआप मिळतो का? माझ्या मावशीला ना भाषा माहीत, ना देश कुठेय ते माहीत, दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घ्यायला फिजिओवाली आली तर म्हणाली, "ती रात्रीची मुलगी लाव, मगच पाय उचलेन." आणि उचलला. रडत रडत उचलला पण गाणं संपेपर्यंत उचलत राहिली. ज्युरींना हे कुठल्या रकान्यात मांडता येणार होतं?

मान्य, शब्द अगदी साधे आहेत, कुठल्यातरी दूरच्या सुंदर देशाला गात जायचं, एवढंच. स्टेजही परीकथेच्या पुस्तकासारखं होतं, काहींना ते बालिश वाटलं असेल. आणि हेही खरं की पब्लिक नेहमी फ्रेंच गाण्याच्या बाजूने नसतं, २०२५ ला बाझेलमधे स्वित्झर्लंडच्या 'झोई मे' या दुसऱ्याच गायिकेला ज्युरींनी २१४ दिले आणि पब्लिकने शून्य. ते गाणं संथ होतं, पण शून्य? तेही मला आवडलं नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, कारण मधेच ते गाणं लावलं. तिचा चेहरा बघा एकदा. ती पूर्ण वेळ हसतेय, आणि ते हसू जिंकायचं म्हणून चिकटवलेलं नाही, आपल्याला आवडतं ते गायला मिळालंय म्हणून आलेलं आहे. १९८८ ला सेलीन दियोन जिंकली, त्यानंतर एकही फ्रेंच गाणं जिंकलेलं नाही, हे असं असताना ऑस्ट्रियाकडून फ्रेंच घेऊन उभं राहायला किती धीर लागला असेल. यादी करणाऱ्यांनी याचा तरी विचार करायला हवा होता.

मघाशी मावशीला फोन केला, गाणं ऐकवलं, लगेच ओळखलं तिने. २०१६ ला आपल्याला भारतातून मत देता येत नव्हतं, २०२३ पासून ऑनलाइन देता येतं, पैसे भरून. मावशीला तसं सांगितलं तर म्हणाली, पुढच्या वेळी मला उठव, माझं मत मी सांगेन, पैसे तू भर. भरणार आहे.